मुलीचा रंग, मुलाचे दंड

रमजान ईद झाली, शव्वाल लागला, की जुन्या नाशकात लग्नांची गडबड सुरू होते. मेन रोडच्या कापड दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, भटाऱ्यांची तारीख मिळत नाही, घराघरांत पाहुणे उतरलेले असतात. अशाच दिवसांत आम्ही ओळखीच्या एका घरी गेलो होतो. थोरल्या मुलीचे लग्न आठ दिवसांवर आले होते. दुपारची वेळ होती, म्हणून आग्रहाने जेवायला बसवले. दस्तरखान अंथरला गेला. मटणाचा रस्सा, मसूर डाळ, भात, चपात्या, काकडीची कोशिंबीर, सगळे होते.

नवऱ्या मुलीने अर्धी चपाती घेतली आणि ताट बाजूला सारले. लग्नाचा जोडा कंबरेत घट्ट होतो आहे, म्हणून गेला महिनाभर ती एकवेळ जेवत होती. तिच्या शेजारी वीस वर्षांचा भाऊ बसलेला. त्याच्यापुढे वेगळी ताटली होती. तीत सहा उकडलेली अंडी, पिवळा बलक काढून टाकलेली. रस्सा नको, भात नको, डाळ नको. जेवण झाल्यावर त्याने पावडर दुधात घुसळून प्यायली आणि तो जिमला निघून गेला.

त्यांची अम्मी हसत म्हणाली, "एकीला कमी व्हायचंय, दुसऱ्याला वाढायचंय. मी कोणाच्या हिशेबाने रांधू?"

आम्हीही हसलो. लग्नघर होते, हसण्याचेच दिवस होते. पण मेंदीच्या संध्याकाळी त्या मुलीला भोवळ आली आणि ती खाली बसली. डॉक्टरांनी रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन 8 निघाले. स्त्रीचे ते किमान 12 असावे लागते. लग्न, वलीमा सगळे नीट पार पडले, गोळ्या सुरू झाल्या, अल्हम्दुलिल्लाह आता ती बरी आहे. मात्र अम्मीचे ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. एकाच आईच्या हातचे खाऊन वाढलेली दोन मुले. एकीला आपले शरीर जास्त वाटते, दुसऱ्याला कमी. असे का व्हावे?

या सदरात आम्ही रिश्त्याच्या बैठकींविषयी पूर्वी लिहिले आहे. त्या बैठकीत मुलीविषयी काय विचारले जाते, हे वाचक भगिनींना सांगायची गरज नाही. रंग कसा आहे, उंची किती, चष्मा आहे का, अंगाने कशी आहे. सावळ्या मुलीसाठी आपल्याकडे एक खास शब्द आहे, "दबता रंग". जणू रंग कुणीतरी दाबून ठेवला आहे आणि सोडला की वर येईल! आता पाहुणे यायच्या आधी मोबाइलवर फोटो मागतात. मग फोटोला फिल्टर लावला जातो. प्रत्यक्ष भेटीत पाहुण्यांच्या नजरेत फरक दिसतो आणि तो फरक मुलगी बरोबर वाचते. बुरखा घेणाऱ्या मुली या जाचातून सुटल्या आहेत, असे कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. बुरखा रस्त्यावरच्या नजरेला अडवतो. घरातल्या खाला-फूफींच्या जिभेला तो अडवत नाही.

मुलाबद्दल मात्र बैठकीत वेगळे विचारतात. काय करतो, पगार किती, घर स्वतःचे की भाड्याचे. यावरून आपण समजून चालतो, की शरीराची काळजी हा मुलींचा विषय आहे आणि मुलगा यातून मोकळा आहे. आम्हीही तसेच समजत होतो.

ही समजूत चुकीची आहे, हे त्या लग्नघरातल्या भावानेच आम्हाला शिकवले. लग्नानंतर काही दिवसांनी तो भेटला. गप्पांत आम्ही सहज विचारले, एवढ्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट का? आधी त्याने टाळले, मग सांगितले. अकरावीत त्याचे मित्र त्याला "काडी" म्हणत. घरात चुलतभाऊ "सुकट बोंबील" म्हणत. ईदला सगळे जमले की मामू त्याचा दंड दोन बोटांत धरून दाखवत आणि सगळे हसत. तोही हसे. तीन वर्षे त्याने अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला नव्हता. आता दंड भरला आहे, तरी घालवत नाही. "अजून कमीच वाटतो," तो म्हणाला. आणि मग हळू आवाजात म्हणाला, "अम्मीला सांगू नका."

बहिणीचे दुःख घरभर माहीत होते. रंगासाठी बेसन, हळद, मलई, कंबरेसाठी उपास, सगळे उघड चालले होते. भावाचे दुःख कुणालाच माहीत नव्हते. मुलगी आणि मुलगा यांच्यातला पहिला फरक हाच आहे. मुलीला उघड बोलतात आणि ती उघड रडते. मुलाला चेष्टेत बोलतात आणि त्याला हसावे लागते. जखम दोघांनाही होते.

दुसरा फरक दिशेचा आहे. मुलीला आकसायचे असते आणि मुलाला फुगायचे असते. हे फक्त आपल्याकडे आहे असे नाही. जपानचे उदाहरण घ्या. खाऊनपिऊन सुखी असलेला देश. तिथे विशीतल्या साधारण पाच मुलींमागे एकीचे वजन प्रकृतीला हवे त्यापेक्षा कमी आहे. घरात अन्न नाही म्हणून नव्हे, बारीक असणे म्हणजेच सुंदर असणे, ही कल्पना मनात बसली आहे म्हणून. तिथल्या तरुण विद्यार्थ्यांच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. वजन अगदी योग्य असलेल्या मुली स्वतःला जाड समजतात. मुलांत ही गल्लत तेवढी दिसत नाही, उलट काहींना आपण फार बारीक आहोत असे वाटते. गोष्ट इतकी वाढली, की 2025 साली तिथल्या लठ्ठपणावर काम करणाऱ्या वैद्यकीय संस्थेनेच तरुणींच्या कमी वजनाला आजार म्हणून नाव द्यावे, असे सुचवले. कारण अशा मुलींची हाडे ठिसूळ होतात, पाळी बिघडते, रक्त कमी होते.

फिजी बेटांवरचा अनुभवही विचार करायला लावणारा आहे. तिथे पूर्वी भरल्या अंगाची बाई चांगली मानत. पाहुण्याला पोटभर खाऊ घालणे, अंग धरणे, ही घराची इज्जत. 1995 मध्ये तिथल्या एका भागात टीव्ही आला. अॅन बेकर या अमेरिकी संशोधक बाईंनी तेव्हा शाळकरी मुलींना प्रश्न विचारले आणि 1998 मध्ये पुन्हा विचारले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या वेळी एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरात अकरा मुली तसे करत असल्याचे सांगत होत्या. तिथे एक टीव्ही पुरला. आपल्या मुलांच्या हातात तर चोवीस तास मोबाइल आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के आहे. म्हणजे आपल्या मुली आधीच रक्ताने उणावलेल्या आहेत. घरात सर्वांत शेवटी जेवणारी, मटणाचा तुकडा भावाला वाढणारी मुलगी जेव्हा सडपातळ होण्यासाठी आणखी एक वेळचे जेवण सोडते, तेव्हा तिच्याजवळ सोडायला काही उरलेलेच नसते. जपानची मुलगी भरल्या घरात उपाशी राहते. आमची मुलगी अर्ध्या रिकाम्या ताटातून अर्धी चपाती कमी करते.

वजन किती असावे, याचा साधा हिशेब डॉक्टर सांगतात. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. उत्तर 18.5 ते 23 च्या आत आले, तर आपल्या भारतीय शरीराला ते ठीक मानतात. पाच फूट दोन इंच उंचीच्या मुलीचे वजन साधारण 46 ते 57 किलो चालते. पाच फूट सात इंचांच्या मुलाचे 54 ते 66 किलो. हे आकडे आम्ही मुद्दाम दिले, कारण किती मुली 48 किलोवर स्वतःला जाड म्हणवतात आणि किती मुले 60 किलोवर स्वतःला हडकुळी समजतात, हे प्रत्येक घरात मोजून पाहण्यासारखे आहे.

रंगाच्या बाबतीत तर शरीराचे विज्ञान अगदी साधे आहे. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशी जवळपास सारख्याच संख्येने असतात. त्या किती रंगद्रव्य बनवतात आणि कोणत्या प्रकारचे बनवतात, एवढाच फरक. हे रंगद्रव्य उन्हापासून त्वचेला वाचवते. ज्याला आपण ऐब म्हणतो, ती अल्लाहने दिलेली छत्री आहे. पण बाजाराने तिचा धंदा केला. 1975 मध्ये देशात फेअर अँड लव्हली आली. तीस वर्षे गोरेपणा विकला गेला तो बाईला. 2005 मध्ये फेअर अँड हँडसम आली आणि पुरुषाच्याही कानात तेच सांगितले जाऊ लागले. काळ्या रंगाला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत, असे जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्ये बजावले. 2020 मध्ये पहिल्या क्रीमच्या नावातला "फेअर" गेला आणि "ग्लो" आला. डबीवरचे नाव बदलले. आपल्या बैठकीतला "दबता रंग" मात्र तसाच राहिला.

याचे मोल काय पडते, ते ऐका. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घराची बातमी वर्तमानपत्रांत आली. एक तरुण मुलगी, तिची आई आणि तिची बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना एकापाठोपाठ इजा झाली. कारण सापडेना. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा कळले की तिघी गोरे होण्याची एकच क्रीम वापरत होत्या आणि त्या क्रीममध्ये पारा होता. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनीही त्याच वर्षी असेच रुग्ण समोर आणले. पारा त्वचेतले रंग बनवण्याचे काम अडवतो, म्हणून चेहरा काही आठवडे उजळ दिसतो. पण तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. प्रसाधनात दहा लाख भागांत एका भागाहून जास्त पारा असू नये, असा नियम आहे. नावपत्ता नसलेल्या, पार्लरमध्ये डबीत भरून मिळणाऱ्या, परदेशातून कुणीतरी आणलेल्या क्रीमवर हा नियम कोण तपासणार?

दुसरी क्रीम औषधाच्या दुकानातून येते. खाजेसाठी असलेले स्टेरॉइडचे मलम मुली गोरेपणासाठी चेहऱ्याला चोळतात. सुरुवातीला चेहरा तजेलदार दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, केस उगवतात आणि मलम बंद केले की आग होते, म्हणून ते सोडवत नाही. 2018 मध्ये सरकारने अशा अनेक मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. तरी शेजारणीच्या सांगण्यावरून ती घरात येतच राहतात.

मुलांचा बाजार वेगळ्या गल्लीत आहे. व्यायाम चांगलाच. आपल्या जुन्या नाशकात तालमीची परंपरा आहे, जोर-बैठका काढणारे बुजुर्ग आजही भेटतात. तक्रार व्यायामाशी नाही. तक्रार त्या घाईशी आहे, जी मुलाला तीन महिन्यांत पोस्टरवरच्या नटासारखे दंड देण्याचे वचन देते. आधी पावडरचा डबा येतो. मग कुणीतरी "कोर्स" सुचवतो. हा कोर्स म्हणजे पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शने आणि गोळ्या. बाहेरून संप्रेरक आले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. वृषण आकसतात, वीर्यातले शुक्राणू घटतात, छातीला बाईसारखी वाढ येते, यकृत आणि हृदयावर ताण पडतो, माणूस चिडखोर होतो. मर्द दिसण्यासाठी घेतलेले औषध बाप होण्याची ताकदच हिरावू शकते. तरुण जोडप्याला मूल होत नाही, तेव्हा आपले घर आधी सुनेकडे बोट दाखवते. जिमच्या कोर्सविषयी मुलाला कुणी विचारत नाही.

आणखी एक औषध आहे, मेफेंटरमाइन. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा रक्तदाब खाली जाऊ लागला, तर भूलतज्ज्ञ ते टोचतात. हेच इंजेक्शन दम वाढवण्यासाठी काही मुले घेतात. पुण्यासह राज्यात त्याच्या चोरट्या विक्रीचे गुन्हे पोलिसांनी नोंदवले आहेत. नाडी दौडते, रक्तदाब चढतो, सवय लागते. नशापाणी हराम आहे, हे आपला मुलगा जाणतो. सिगारेटही ओढत नाही. पण तेच विष "तब्येत करण्याच्या" नावाखाली आले, तर ते तो ओळखत नाही आणि आपणही ओळखत नाही.

दंड कितीही भरले तरी ते कमीच वाटत राहणे, याला मानसोपचारात नाव आहे. अमेरिकेतल्या हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये त्याचे वर्णन केले. 2013 पासून तिथल्या मानसोपचाराच्या अधिकृत ग्रंथात ते नोंदले गेले आहे. आरशात धट्टाकट्टा मुलगा उभा असतो आणि त्याला काडी दिसते. मुलीने जेवण सोडले तर आईच्या निदान लक्षात तरी येते. मुलगा सहा अंडी खातो, म्हणून आई खूश असते. त्याचा आजार तब्येतीसारखा दिसतो. म्हणून आम्ही म्हणतो, या बाबतीत मुलीइतकेच, किंबहुना थोडे अधिक, मुलाकडे बघायला हवे.

आता आपल्या दीनकडे येऊ. सूरह अल्-हुजुरातच्या 11 व्या आयतीत इतरांची थट्टा करायला मनाई आहे. आपल्यापैकी अनेकांना ही आयत ठाऊक आहे. पण एक बाब आपण लक्षात घेत नाही. ती मनाई एकदाच सर्वांना करून थांबत नाही. पुरुषांनी पुरुषांची थट्टा करू नये, असे एकदा येते आणि स्त्रियांनी स्त्रियांची करू नये, असे वेगळे येते. पाठोपाठ टोमणे मारू नका आणि वाईट टोपणनावांनी हाक मारू नका, हीही ताकीद आहे. स्त्रियांचा उल्लेख वेगळा का केला, यावर विद्वानांनी लिहिले आहे. आम्हा सामान्य वाचकांना त्यातून एवढे तर उमगते, की हे दुखणे दोन्ही बाजूंना आहे, दोन्ही बाजूंनी आपापल्या घरातली जीभ सांभाळायची आहे. दंड दोन बोटांत धरणारा मामू आणि "दबता रंग" म्हणणारी खाला, दोघेही या आयतीत आले.

हदीसमध्येही दोन्ही बाजूंची उदाहरणे आहेत. हजरत आयेशा (रजि.) यांनी एकदा हजरत सफिय्या (रजि.) यांच्या ठेंगण्या उंचीकडे बोट दाखवले. अबू दाऊद यांच्या संग्रहात ही नोंद आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले, की हा शब्द एवढा कडू आहे, की समुद्रात मिसळला तर समुद्राचे सारे पाणी बिघडेल. बोलणारी व्यक्ती प्रिय होती, बोलणे घरातलेच होते, तरी ते तसेच सोडून दिले नाही. आपल्या बैठकीत अशी किती वाक्ये एका चहाच्या वेळात होतात, ते आपणच मोजावे.

दुसरी घटना हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची. ते अंगाने अगदी किरकोळ होते. मिस्वाकसाठी झाडावर चढले असता वाऱ्याने त्यांच्या बारीक पिंढऱ्या उघड्या पडल्या आणि काही साथीदार हसले. कुरआनचा एवढा मोठा जाणकार आणि लोक हसले ते पायांना! प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले, की कयामतच्या तराजूत हे पाय उहुद पर्वताहून जड भरतील. मुसनद अहमदमध्ये हे आले आहे. ज्या मुलाला आपण काडी म्हणतो, त्याला ही हकीकत एकदा सांगून पाहा. आम्ही त्या लग्नघरातल्या भावाला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता.

याचा अर्थ शरीराकडे दुर्लक्ष करावे असा नाही. शरीराचा माणसावर हक्क आहे, हे प्रेषितांनी (स.) रोज उपास धरणाऱ्या आणि रात्रभर जागणाऱ्या साथीदारालाही बजावले होते. बुखारीत ते नोंदले आहे. मग काही वाचक विचारतील, "मूल खरोखरच जाड होत असेल, तर बोलायचेच नाही का?" जरूर बोलावे. आपल्या समाजात मधुमेह, रक्तदाब घरोघरी आहे. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या पुढे गेली, की डॉक्टर सावध करतात. पण हे बोलणे एकट्यात, मायेने आणि प्रकृतीविषयी असावे. चारचौघांत, हसत आणि दिसण्याविषयी नसावे. "ढब्बू" म्हटल्याने कुणाची साखर उतरलेली आम्ही पाहिलेली नाही. उलट लपूनछपून खाणे वाढलेले पाहिले आहे.

शरीर कशासाठी आहे, हे मुलांना दाखवायला आपल्या नाशिक जिल्ह्यातच उदाहरणे आहेत. सावरपाड्याची कविता राऊत आदिवासी पाड्यावरून पळत निघाली आणि 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत तिने कांस्य मिळवले. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. तिच्या पायांनी किती किलोमीटर कापले, हे जग विचारते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदायच्या कामावर जायचा. पुढे सैन्यात गेला, नौकानयन शिकला, 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला गेला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्ण जिंकले. ते दंड विहिरीच्या दगडांवर आणि वल्ह्यावर कमावलेले आहेत. आरशासमोर उभे राहण्यासाठी कमावलेले नाहीत. आपल्या मुलामुलींना "कसा दिसतोस, कशी दिसतेस" याऐवजी "काय करू शकतोस, काय करू शकतेस" असे विचारून पाहा. गोदाकाठी चालायला जा, मुलीलाही न्या. व्यायाम फक्त मुलाचा हक्क नाही.

आता घरात करण्यासारख्या काही गोष्टी.

रिश्त्याच्या कागदावरून रंगाची ओळ काढून टाका. उंची, शिक्षण, काम, दीनची आवड लिहा. समोरच्याने रंग विचारला, तर "प्रत्यक्ष भेटा, माणूस पाहा" एवढे उत्तर पुरे. मुलाच्या आईने हे आधी केले, तर मुलीच्या आईला हिंमत येईल, कारण बैठकीत ताकद मुलाच्या बाजूला असते.

दस्तरखानवर एकच जेवण असू द्या आणि सगळ्यांनी एकाच वेळी बसा. मुलीच्या ताटात कलेजी, मेथी, मसूर, हरभरे, मनुके यायला हवेत. सोबत लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहा लोह अडवतो. वर्षातून एकदा मुलीचे हिमोग्लोबिन तपासा. दागिन्यांच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

मुलाला प्रथिने हवी असतील, तर साधारणपणे दर किलो वजनाला रोज एक ग्रॅमच्या आसपास ती पुरतात, व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त. डाळ, अंडी बलकासकट, दूध, मासे, खिमा, फुटाणे आणि आपल्या नाशकाची मटकीची मिसळ, यांतून ती मिळतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शनात पावडरीच्या डब्यांपासून दूर राहण्याचाच सल्ला दिला आहे. आणि मुलाला शांतपणे, रागावल्याशिवाय विचारा, "बेटा, तुला कुणी काही टोचायला दिलं आहे का?" हे अब्बांनी विचारले तर अधिक बरे. त्या भावाने "अम्मीला सांगू नका" म्हटले, तेव्हा त्याच्या कपाटात काय होते, हे आम्हाला माहीत नव्हते. आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. त्याने डॉक्टरांपुढे डबा उघडला. पुढचे त्याचे त्याने सांगितलेले बरे, म्हणून इथे लिहीत नाही. एवढेच सांगतो, की तो परत आला तेव्हा अम्मीला स्वतः सांगायला तयार झाला होता.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. या ईदला कुटुंब जमेल, तेव्हा कुणी कुणाच्या अंगावर बोलले, तर घरातल्या मोठ्याने तिथेच थांबवावे. "दबता रंग" आणि "काडी" हे दोन्ही शब्द त्या दिवसापासून घरात येऊ देऊ नका.

परवा आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मुलगी माहेरपणाला आली होती. दस्तरखानवर खिचडी, खिमा आणि लोणचे होते. भावाच्या पुढ्यात वेगळी ताटली नव्हती. अम्मीने दोघांच्या ताटांत एकाच डावाने वाढले आणि दोघेही जेवले. त्याने शर्ट पूर्ण बाह्यांचाच घातला होता. वेळ लागेल.

अल्लाह आपल्या जिभांना नरमाई देवो आणि आपल्या मुलामुलींना स्वतःच्या शरीराशी सुलह करण्याची तौफीक देवो. आमीन.